चौथा ठिपका

१२ जुलै

मास्तर म्हणतात, तुझ्या कानात जेवढं जातं त्यातलं निम्मं तरी कागदावर उतरव, म्हणजे उरलेल्या निम्म्याला झोप लागेल. मास्तर निवृत्त झाले, पण गृहपाठ देण्याची खोड गेली नाही. म्हणून ही वही. ठेवायची जागा खताच्या पोत्यामागे. वासापायी तिकडे आमच्या घरचं कुणी फिरकत नाही.

आजपासून शेंगा टोचायला घेतल्या. व्हॅनिलाची शेंग हिरवी असताना टाचणीनं टोचली की तो डाग कायमचा राहतो. पुढे वाळून काळी झाली तरी बोटाला लागतो. बाटलीच्या बुचात टाचण्या खोवून ज्यानं त्यानं आपापला छाप केलेला आहे. माझा छाप तीन ठिपक्यांचा, चुलीचे तीन दगड मांडावेत तसा. ओढ्यापलीकडच्या बागवाल्याचा, ज्याला मी दाढी म्हणतो त्याचा, चार ठिपक्यांचा, पत्त्यातल्या चौकटीसारखा. चोरीची शेंग विकायला गेली तर व्यापाऱ्यानं ठिपके बघून विचारावं, ही तुझ्याकडे कशी आली? विचारतोच असं नाही. पण चोराला धाक राहतो.

गेल्या वर्षी खालच्या अंगाची एक बाग भर दुपारी लोक जेवून आडवे झाले असताना साफ झाली. कुत्रं भुंकलं नाही. म्हणजे चोर ओळखीचा होता. हे मी तेव्हाच म्हटलं होतं, कुणी मनावर घेतलं नाही. मसाल्याच्या गोदामात पोती वाहताना मी धंदा शिकलो तो असाच: मान खाली, कान वर. दाढी मला ससोबा म्हणतो ते त्यावरूनच.

१६ जुलै

टोचायला सूनबाई बरोबर असते. मी बूच दाबून शेंग नीट बघेपर्यंत ती पुढच्या वेलावर पोचलेली असते. आमचे चिरंजीव जहाजावर. वर्षातून एकदा येतात, पोटभर झोपतात आणि जातात. बाग म्हणाल तर आम्हा दोघांचीच. म्हणजे माझी, आणि ती मदतीला.

फुलांच्या दिवसांत तर तिच्यावाचून चालतच नाही. व्हॅनिलाचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं. तेवढ्या वेळात बांबूच्या बारीक काडीनं आतला पातळ पडदा उचलायचा आणि अंगठ्यानं नर-मादी एकमेकांवर दाबायचे. आम्ही याला लग्न लावणं म्हणतो. लागलं तर शेंग, नाहीतर संध्याकाळी फूल जमिनीवर. बायकांची टोळी असते, पण सूनबाईसारखा अंगठा त्यांच्यात एकीचा नाही.

यंदा फुलांच्या वेळी तिनं एक टुमणं लावलं होतं. "बाबा, घोसातली सगळी फुलं लावायची नकोत. आठ लावू, बाकीच्या कळ्या खुडू. वेलाला झेपत नाही."

मी म्हटलं, "झाड द्यायला तयार आहे आणि आपण नको म्हणायचं होय?"

मग म्हणाली, "निदान एक ओळ मला माझ्या पद्धतीनं लावू द्या. ती ओळ माझी म्हणून."

मी हसलो. "अगं, सगळं घर तुझं. ओळ कसली मागतेस?"

तीही हसली आणि विषय मिटला. माणसाला गोडीनं घेतलं की भांडण होतच नाही.

३ ऑगस्ट

संध्याकाळी मास्तर आले. व्हरांड्यात चहा झाला. मी चोरांची काळजी काढली, तर ते खुशीत आले. म्हणाले, "झाडांचा इतिहास म्हणजे निम्मा चोरांचाच इतिहास आहे. लवंग घे. परक्या व्यापाऱ्यांनी ठरवलं, लवंग आमच्या ताब्यातल्या बेटांवरच होईल. बाकीच्या बेटांवरची झाडं तोडली, जाळली. तरी रोपं पळालीच. चहाच्या मुलखात एक गृहस्थ तिथला वेष करून शिरला आणि रोपं घेऊन बाहेर पडला. रबराचं बी असंच बोटीतून गेलं."

"आणि आपली ही?" मी वेलांकडे हात केला.

"हिची गंमतच वेगळी. हिला मायदेशातून उचलून नेली. परक्या मातीत वाढली, फुलली, पण शेंग धरेना. फुलं लावणारी माशी मागेच राहिली होती ना! कितीतरी पिढ्या नुसती फुलं बघत बसल्या. शेवटी एका बेटावरच्या गुलाम पोरानं काडी आणि अंगठ्याची युक्ती काढली. बारा वर्षांचं पोर. तुम्ही आज करता ते त्याचंच."

सूनबाई कप गोळा करत होती. म्हणाली, "मग त्याला काय मिळालं?"

"त्याला? मिळालं ते मळेवाल्यांना. पुढे गुलामगिरी उठली तेव्हा सुटला बिचारा, पण गेला गरिबीतच. मध्येच एका विद्वानानं ती युक्ती आपली म्हणूनही सांगून पाहिली."

"म्हणजे अंगठा त्याचा आणि छाप दुसऱ्याचा," ती म्हणाली आणि आत गेली. आत एक कप फुटल्याचा आवाज आला. अलीकडे तिच्या हातून वस्तू फुटतात. झोप कमी पडत असेल.

मी मात्र या गोष्टीतून घ्यायचं ते घेतलं. ओढ्याच्या बाजूचं कुंपण उद्याच तपासायचं.

९ ऑगस्ट

कुंपण धड आहे. पण दुसऱ्या ओळीत उभा होतो, सहज एक शेंग हातात घेतली आणि अंगठ्याला खटकलं. तीन ठिपके माझे. त्यांच्याखाली, मधोमध, चौथा.

माझ्या बुचाला तीनच टाचण्या आहेत. घरी जाऊन पुन्हा पाहिल्या. तीनच.

चुलीच्या तीन दगडांखाली एक ठिपका दिला की काय होतं? चौकट होते.

१० ऑगस्ट

आज चहा न घेता बागेत. चौथा ठिपका एका शेंगेवर नाही, बऱ्याच शेंगांवर आहे. ओळीनं नाही. प्रत्येक वेलावर खालच्या बाजूला एखादा घोस गाठून त्यावरच टोचलंय.

आणि चोर मेला पारखी आहे! जिथे ठिपका आहे ती शेंग लांब, जाड, सरळ. शेजारच्या घोसात शेंगा दाटीवाटीनं लटकलेल्या, बारक्या, वाकड्या, त्यांना हातही लावलेला नाही. चौकटीच्या घोसांत शेंगा मोजक्याच, पण एकेक अशी की हातात धरून बघत राहावं. माझ्या बागेत एवढा माल आहे हे मला माहीत नव्हतं आणि चोराला माहीत आहे. याहून मोठा अपमान कुठला?

डाव सरळ आहे. आता चौकट करून ठेवायची, पिकल्यावर तोडून न्यायच्या आणि बाजारात म्हणायचं, या माझ्या. चौकट कुणाची? नाव घ्यायची गरज नाही.

१४ ऑगस्ट

घरात हिला सांगितलं. बायको दचकेल, कपाळावर हात मारेल असं वाटलं होतं. ती शेंगदाणे निवडत होती, ते निवडतच राहिली. म्हणाली, "असेल काहीतरी. तुम्ही लगेच कुणाच्या दारात जाऊन उभे राहू नका."

"चोराची बाजू घेतेस?"

"मी शेंगदाण्यांची बाजू घेतेय. त्यात पाय घालू नका."

दुपारी मी पलंगावर पडून होतो. डोळे मिटलेले, कान उघडे. स्वयंपाकघरातून दोघींचं बोलणं ऐकू आलं. ही म्हणाली, "आता सांगून टाकू या का? त्यांच्या डोक्यात भलतंच शिरलंय." सूनबाई म्हणाली, "नको आई. पिकू देत आधी. पिकल्यावर बोलायचीच गरज पडणार नाही."

माझ्यापासून काय लपवतायत कोण जाणे. मागच्या दारी केळीचा घड धरलाय, त्याचंच असावं. गोडाचं मला बंद केलंय ना डॉक्टरनं.

२ सप्टेंबर

ओढ्यावर दाढी भेटला. आम्ही दोघांनी एकाच वर्षी वेल लावले, एकाच गाडीतून रोपं आणली. तेव्हा त्याला दाढी नव्हती आणि मला पोट नव्हतं.

म्हणाला, "ससोबा, हल्ली कुंपणापाशी फार दिसतोस. माझी बाग बघतोस की माझी बायको?"

"तुझ्या शेंगा बघतो. यंदा चौकट जोरात आहे म्हणे."

"चौकट नेहमीच जोरात असते. डाव खेळता यायला पाहिजे." आणि हसला. त्या हसण्यात काहीतरी होतं. दाढीमुळे तोंड दिसत नाही, म्हणून नक्की काय ते सांगता येत नाही.

मग उगाच म्हणाला, "तुझी सून काल आमच्याकडे आली होती. हुशार पोरगी आहे रे. जपून ठेव."

सूनबाई अधूनमधून त्याच्या बायकोकडे जाते हे मला ठाऊक होतं. फुलं लावायला पहिल्यांदा तिला त्या वहिनींनीच शिकवलं. पण आता तिथे काय काम? आणि 'जपून ठेव' म्हणजे काय? आपण घेणार असू तेव्हाच असं बोलतो माणूस.

२६ सप्टेंबर

नाकवाल्याचा निरोप आला. हा आमचा व्यापारी. माझे जसे कान तसं त्याचं नाक. शेंग नाकाशी नेऊन किती दिवस उन्हात होती ते सांगतो. त्याला आता इकडच्या भागातून एकाच बागेचा माल कायमचा घ्यायचाय. जानेवारीत येऊन सगळ्यांच्या पेट्या बघणार. ज्याची शेंग पसंत पडेल त्याची बाग पुढची वर्षं निश्चिंत. बाकीच्यांनी वेल उपटून दुसरं काही लावावं.

म्हणजे मी किंवा दाढी.

आणि माझ्या सगळ्यात चांगल्या शेंगांवर त्याचा छाप. आता बोला!

६ ऑक्टोबर

व्याह्यांचा पाय मोडला. सूनबाई माहेरी गेली, सोबत ही पण. जाताना सूनबाई तीनदा मागे फिरली. "बाबा, बागेत काही करू नका. नोव्हेंबर संपेपर्यंत एकाही शेंगेला हात नको. टोकाला पिवळं दिसल्याशिवाय..."

"अगं, तू या घरात यायच्या आधीपासून मी शेंगा तोडतोय."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली. काय बोलणं आहे का हे?

घर रिकामं. बागेत मी एकटा. चोराला याहून चांगली संधी कुठली? दिवसभर ओढ्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसलो. दाढी दोनदा पलीकडून गेला. दुसऱ्यांदा त्यानं हात केला. एवढ्या प्रेमानं पूर्वी कधी हात केला नव्हता.

७ ऑक्टोबर

ठरलं. तोडायच्या.

सगळ्या नाही. चौकटीच्या तेवढ्या. चोरानं ज्यावर खूण केली ते आधीच काढून घेतलं की तो येऊन बघेल काय, नुसते देठ. शेंग हिरवी आहे, पूर्ण भरलेली नाही, हे मलाही दिसतं. पण दोन महिने थांबून दुसऱ्याला देण्यापेक्षा आज आपल्या पेटीत आलेली बरी. गरम पाणी, कांबळी, ऊन, पुन्हा कांबळी. नीट काळजी घेतली की येतो वास. यायला पाहिजे.

सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत तोडल्या. एकेक वेल खालून वर बघत गेलो. चोरानं एकही वेल सोडला नव्हता आणि मीही सोडला नाही. टोपली उचलताना जडपणानं छाती फुलली. मास्तरांच्या त्या लवंगवाल्यांची आठवण झाली. परक्याला मिळू नये म्हणून झाडं जाळली त्यांनी. मी तर निदान पेटीत भरतोय.

११ ऑक्टोबर

दोघी परत आल्या. मी अंगणात कांबळ्यावर शेंगा पसरून बसलो होतो. सूनबाईनं पिशवी खाली ठेवली नाही. तशीच उभी राहिली.

"ठिपक्याच्या तोडल्यात? सगळ्या?"

"सगळ्या!" मी म्हटलं. "चोराचा डाव उधळला."

तिनं एक शेंग उचलली, वाकवली, नाकाशी नेली, परत ठेवली. मग पिशवी घेऊन आत गेली. ही माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी घर पेटवलंय. म्हणाली, "तुम्हाला कान दिलेत देवानं, पण..." पुढचं गिळलं.

लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आलं. ठिपक्याबद्दल मी फक्त हिला सांगितलं होतं. सूनबाईनं 'ठिपक्याच्या' कसं विचारलं? आणि 'सगळ्या?' असं घाबरून का?

माझ्याच घरात. दाढीच्या घरी जाणं. 'हुशार पोरगी आहे, जपून ठेव.'

नको. असला विचार लिहूही नये. पण आता लिहिला गेला.

१२ ऑक्टोबर

सरळ दाढीच्या दारात गेलो. त्याची माणसं कामाला होती, सगळ्यांदेखत म्हटलं, "माझ्या शेंगांवर चौकट कोण पाडतं?"

दाढीला आधी कळेना. मग कळलं आणि तो हसायला लागला. "तुझ्या हिरव्या शेंगा चोरून मी काय भाजी करू? माझ्याच मला झेपत नाहीत."

"मग ठिपके कुणी दिले? भुतानं?"

त्याची बायको दारात आली. म्हणाली, "भाऊजी, घरात विचारा."

"घरातलं तुम्हाला बरं माहीत!"

तेव्हा दाढीचं हसू गेलं. "ससोबा," तो म्हणाला, "वीस वर्षं तुला हाक मारतोय. आज पुरे. जा."

मी आलो. येताना ओढ्यात पाय घसरला, गुडघ्यापर्यंत भिजलो. मागून कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

५ नोव्हेंबर

शेंगा रोज उन्हात टाकतो, रोज कांबळ्यात गुंडाळतो. रंग काळा यायला हवा, तो फिक्कट तपकिरी येतोय. हाताला तेल लागत नाही. दुमडली की तुटेल असं वाटतं.

घरात सगळं नेहमीसारखं. सूनबाई जेवायला वाढते, औषधाची गोळी पाण्याबरोबर आणून देते, "बाबा, भात घेता?" विचारते. एवढंच. पूर्वी बागेत बडबडायची, ते बंद. ती बोलत होती तेव्हा मी काय ऐकायचो ते आता आठवत नाही. न बोलण्याचा आवाज मात्र चांगला ऐकू येतो.

२९ नोव्हेंबर

बाकीच्या शेंगा आता पिकल्या, तोडायला घेतल्या. बारक्या आहेत, काही टोकाला उकललेल्या. टोळीची मावशी म्हणाली, "मालक, एकेका घोसाला एवढी पोरं लटकवली की कुणाचंच पोट भरत नाही."

हे वाक्य मी पूर्वी कुठेतरी ऐकलंय.

सूनबाई आज मागच्या ओळीत एकटीच बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा पदराखाली काहीतरी होतं. मी विचारलं, "काय गं?" म्हणाली, "माझं आहे." चोरीचा माल असं उघड सांगून कुणी नेत नाही. म्हणून मी गप्प बसलो. पण लक्षात ठेवलंय.

२४ जानेवारी

नाकवाला आला. हे सगळं नीट लिहून ठेवतो, कारण यातलं काही मला विसरायला आवडेल.

मी आधी चौकटीची पेटी उघडली. लांबी बघून त्याचे डोळे मोठे झाले. एक शेंग उचलली, नाकाशी नेली. मग दुसरी. मग ती मोडली. कट्कन आवाज आला. शेंग मोडताना आवाज यायचा नसतो.

"गवत," तो म्हणाला. "वाळलेलं गवत. एवढा सुंदर माल हिरवा कुणी तोडला हो? पिकू दिला असता तर मी दुसऱ्या कुणाच्या दारात गेलोच नसतो."

दुसरी पेटी बघितली. "हा वासाला ठीक. पण काड्या आहेत नुसत्या." उठायला लागला.

तेवढ्यात सूनबाई आतून आली. हातात लोकरीची जुनी शाल, तिची स्वतःची. तिनं ती टेबलावर उलगडली. आत एकच शेंग.

काय सांगू! ती उलगडली आणि खोली बदलली. काळी, लवचिक, तुकतुकीत. नाकवाल्यानं बोटाला गुंडाळली तर तारेसारखी वळली. त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "ही कुठली?"

"याच बागेतली," ती म्हणाली. "आधाराच्या झाडामागे लपली होती म्हणून वाचली." मग माझ्याकडे वळली. "ठिपका बघा बाबा."

तीन माझे. खाली चौथा.

"तो माझा. प्रत्येक वेलावर एक घोस मी माझ्या पद्धतीनं लावला होता. आठच फुलं. पुढे कुठली कुणाची ते कळावं म्हणून एक ठिपका दिला. पिकल्या की तुमच्यासमोर दोन्ही ठेवणार होते."

"पण ती चौकट..." मी म्हटलं.

"चौकट होते हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मला माझा एक ठिपका हवा होता, बस."

नाकवाला दोघांकडे बघत होता. जाताना एवढंच म्हणाला, "पुढच्या वर्षी येईन. अशा शेंगा असतील त्याच्याकडे थांबेन. बाग कुठली का असेना." ती एक शेंग त्यानं मागितली. सूनबाईनं दिली नाही.

२५ जानेवारी

म्हणजे दोन महिने मी ज्या चोराच्या मागे होतो तो मला रोज सकाळी चहा देत होता. आणि त्याचा माल शेवटी मीच पळवला.

केळीचा घडसुद्धा नव्हता तो. विचारलं. केळी तर त्याच्या आधीच वाऱ्यानं पडली होती.

२ फेब्रुवारी

कळ्या धरल्या. मी सूनबाईला हाक मारली. मोकळेपणानं म्हटलं, "ओळ तुझी. एक कशाला, दोन घे. बूच पण करून देतो, एका टाचणीचं."

ती म्हणाली, "बाबा, ओळ मागितली होती तेव्हा हसण्यावारी नेलीत. आता मी ओढ्यापलीकडे शब्द दिलाय. यंदाची फुलं त्यांच्याकडे लावणार. अर्ध्या बागेवर माझा ठिपका पडेल."

"दाढीकडे?"

"काकांकडे. काकूंनी शिकवलं, त्यांच्याकडे आधी."

"मग आपली बाग?"

"टोळी आहे की. सगळी फुलं लावते ती." हे ती शांतपणे म्हणाली. टोमणा मारला असता तर परत करता आला असता.

चिरंजीवांना फोन केला. तिकडून लाटांचा आवाज आणि, "बाबा, ती म्हणतेय ते बरोबर असेल." हा मुलगा जहाजावरून हे कसं सांगतो? त्याला आधीच ठाऊक होतं वाटतं. सगळ्यांना ठाऊक होतं. कान माझेच मोठे.

१९ फेब्रुवारी

फुलं उमलली. पहाटे सूनबाई चहा ठेवून जाते. फळीवरून ओढा ओलांडताना तिच्या चपलांचा आवाज येतो. घरात सून माझी, बागेत दाढीची.

आज मी टोळीला सुट्टी दिली आणि स्वतः काडी घेतली. म्हटलं, आठच तर लावायची एका घोसाला. पहिल्याच फुलाचा पडदा फाटला. दुसऱ्याचा उचलला, पण अंगठा मोठा, सगळंच चिरडलं. तिसरं हातातच आलं. मान वर केली तेव्हा ऊन चढलं होतं आणि बागेभर फुलं माना टाकायला लागली होती. पिवळीफिकट, एकेक. उद्याची उद्या येतील. आजची मात्र गेली ती गेली.

इतकी वर्षं मी बागेचा मालक आणि एक लग्न मला लावता येत नाही.

पलीकडून तिचा आवाज येत होता. ती कुणाला तरी सांगत होती, "सहा... सात... आठ. बास, आता खूड." पुढचा वेल. पुन्हा तेच. माझे कान कधी नव्हे ते नुसतं ऐकत होते.

ही युक्ती आता दाढीला आयती मिळाली हेही मनात आलं. येणारच.

२० फेब्रुवारी

सकाळी ओढा ओलांडला. फळीवरून, जपून. दाढी समोर आला. मी म्हटलं, "भाजी मागायला आलोय." त्याला आठवायला क्षणभर लागला. मग दाढी हलली. म्हणजे आत हसू असावं. त्यानं बागेच्या मधल्या ओळीकडे बोट केलं आणि स्वतः दुसरीकडे गेला.

सूनबाई वेलाशी होती. पाठमोरी. मी खाकरलो.

"बाबा? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. ते... मला शिकव. लावायला."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. हाताकडे बघितलं. उजवा हात धरून उलटा केला, अंगठा उन्हात फिरवून बघितला, डॉक्टर बघतो तसा.

"आज नाही," ती म्हणाली. "नखं कापून या उद्या."

घरी आलो. हिच्याकडे नेलकटर मागितलं. "कशाला?" "कशाला म्हणजे? वाढलीत." तिनं दिलं आणि आत गेली. दुपारी सूनबाई परतली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून कुजबुज ऐकू आली, मग हसणं. एकीचं नाही, दोघींचं. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.

आता पुन्हा काय शिजतंय कोण जाणे. नखांचं खरंच काही असतं, की मला एक दिवस ताटकळत ठेवायचा हा डाव? दाराशी जाऊन ऐकावं असं फार वाटलं. उठलोही.

पण अंगठ्याचं राहिलं होतं. परत बसलो.